बसलेल्या माणसाचे माप

पणजीने धान्याची पोती शिवली. दाभण आणि सुतळी एवढीच तिची दौलत. पण तिने शिवलेल्या पोत्यातून दाणा सांडलेला कोणी पाहिला नाही. आजीने हातशिलाईवर गावभरच्या पोरांचे सदरे उभे केले. आईने शाळेचे गणवेश शिवले. तिचा टाका पाहून लोक मशीन कोणते म्हणून विचारीत, तेव्हा ती आपली दहा बोटे पुढे करी. आणि या तिघींच्या वंशातल्या मास्तरीणबाई आज चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहून सकाळपासून एकच गोष्ट शोधीत होत्या : रस्त्यावरून चालत जाणारा माणूस.

"दिसला का गं एखादा?" चाकाच्या खुर्चीतून वन्संनी विचारले. वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद.

"एक दिसला मघाशी. पण तो बंद पडलेली गाडी ढकलत होता."

"मग तो गाडीवालाच. त्याला धरू नकोस."

शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून या मास्तरीणबाई. जुन्या गावात त्यांचे दुकान रस्त्याला लागून होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून त्या त्याचे माप ओळखीत. कोणाचा डावा खांदा उतरता, कोणाचे पोट नव्याने सुटलेले. गिऱ्हाईक उंबऱ्यात पाऊल ठेवीपर्यंत कापड मनात बेतून तयार असे. इथे माणसे छातीपासून वरच दिसत, आणि तीही गाडीच्या काचेआडून.

शहर मात्र दुपटीने वाढत होते. काल जिथे माळ होता तिथे आज सहा पदरी रस्ता. भाजीला जायचे तर गाडी, औषधाला जायचे तर गाडी. समोरचे दुकान गॅलरीतून स्वच्छ दिसे, पण तिथवर पायी जायला वाटच कोणी ठेवली नव्हती. मुलगा आणि सून सकाळी एका गाडीत बसून जात आणि संध्याकाळी, नुसते बसून बसून, दमून परत येत.

उणे तेवढेच पाहावे असा मास्तरीणबाईंचा स्वभाव नव्हता. नळाला दिवसभर पाणी होते. मुलाला कायमची नोकरी लागली होती. आणि लिफ्ट होती! जुन्या गावी वन्सं माडीवरच्या खोलीत वर्षानुवर्षे अडकून पडल्या होत्या. त्या अरुंद जिन्यावरून खुर्ची उतरत नसे. इथे त्या आपल्या हाताने बटण दाबून खाली जात, पार्किंगला फेरी मारीत, वॉचमनची झडती घेत आणि चेहऱ्यावर तजेला घेऊन वर येत.

तरीही येतानाच मास्तरीणबाईंनी मुलाला बजावले होते, "वर्षभर बघेन. जिथे माझ्या सुईला काम नाही तिथे मी पाहुणी. आणि पाहुणीनं किती मुक्काम ठोकावा याला काही रीत असते."

वर्ष सरत आले होते. गावाहून आणलेल्या शिलाई मशीनवर सुनेने फुलदाणी ठेवली होती. परत जावे, तर वन्सं पुन्हा त्या माडीवर कोंडल्या जाणार. त्यांना इथे ठेवून एकटीने जावे, तर ते या जन्मी शक्य नव्हते.

कारण घरातला सगळ्यात सरस हात एके काळी वन्संचा होता. मास्तरीणबाईंचा नवरा गेला तेव्हा पदरात तान्हे मूल होते. तेराव्या दिवसाची वाट न पाहता वन्संनी आपले मशीन ओढत आणून भावजयीच्या खोलीत ठेवले. "मशीन एक आणि पोटं फार," त्या म्हणाल्या. "पोर तुझं आहे, तेव्हा हे तुझं. पुढे बघू." ते पुढे कधी आलेच नाही. वन्सं एका धुलाईच्या कारखान्यात लागल्या, ओल्या फरशीवर उभ्या राहून चादरी पिळू लागल्या. हळूहळू पाय गेले. वन्संनी त्याचा उच्चार कधी केला नाही, आणि मास्तरीणबाईंना तो करण्याचे धैर्य झाले नाही.

पहिले गिऱ्हाईक वन्संनीच पकडून आणले. दुसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला.

"मावशी, दोन पँटी शिवायच्या आहेत. तयार घेतलेल्या टिकत नाहीत."

मास्तरीणबाईंनी फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. त्याला ताठ उभे केले. कंबर, सीट, मांडी, उंची, सगळे माप घराण्याच्या शिस्तीने घेतले. पहिली पँट अशी बसली की वन्संनी शीळ घातली.

चार दिवसांनी तो पँट हातात घेऊन दारात उभा राहिला.

"मावशी, रागावू नका. उभा असलो की राजा, गाडीत बसलो की कैदी. मागनं कंबर खाली घसरते, पुढनं पोटात गोळा होतो, गुडघ्याला आवळते. आणि मी उभा असतो तरी कधी?"

"माप चुकलेलं नाही," मास्तरीणबाई कडाडल्या. "चार पिढ्यांत आमच्या हातचा कपडा परत आलेला नाही!"

टॅक्सीवाला कानकोंडा झाला. "मापाला कोण नावं ठेवतंय? असू द्या, वापरीन मी."

तो गेल्यावर वन्सं हळूच म्हणाल्या, "अगं, एकदा माझ्याकडे बघ."

"काय बघू?"

"मागे ये आणि बघ."

मास्तरीणबाई खुर्चीमागे गेल्या. वन्संच्या अंगातला सदरा त्यांच्याच हातचा होता. पाठीवर तो आखडून वर गेला होता, उघड्या कंबरेला खुर्चीचा पत्रा टोचत होता, आणि पुढे पोटावर कापडाचा बोळा साचला होता. बसलेल्या बाईला त्यांनी सगळी वर्षे उभ्या बाईचे माप घातले होते.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत, वन्सं?"

"तू शिवतेस ना, म्हणून."

मास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. तो त्यांचा रिवाज नव्हता. त्यांनी तो सदरा उसवला. पाठ वाढवली, पोटावरचे जादा कापड कापले, बगलेत सैल सोडले आणि पुन्हा शिवला. वन्सं त्यात टेकून बसल्या आणि बसल्या बसल्या झोपी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीवाल्याला हुकूम गेला : "गाडीत बस. दार उघडं ठेव. क्लच दाब, जसा रोज दाबतोस तसा." पार्किंगमध्ये उकिडव्या बसून मास्तरीणबाईंनी त्याचे माप घेतले. वॉचमन धावत आला.

"आजी, पार्किंगमध्ये धंदा करायला परवानगी नाही!"

"धंदा नाही रे, डॉक्टरकी चालली आहे," वन्सं म्हणाल्या. "तुझीही पाठ त्या स्टुलावर बसून उघडी पडलीय. थांब, तुझा नंबर पुढचा."

त्या मापाच्या दुसऱ्या पँटने टॅक्सीवाल्याची कंबर धरली ती सोडलीच नाही. तो एकदा स्टँडवर बोलला आणि पार्किंगमध्ये रांग लागली. टॅक्सीवाले आले, बसवाले आले, कचेऱ्यांत खुर्चीला खिळलेल्या बायका आल्या. चालत कोणीच आले नाही. मास्तरीणबाईंनी रस्त्याकडे पाहणेही सोडले. ज्या शहराने माणसाला बसवले, त्या शहराला त्यांनी बसलेले असतानाच पकडले होते.

मुलगा गाडी लावायला जागा शोधून कंटाळला. "आई, तुझ्या गिऱ्हाइकांमुळे मला रस्त्यावर गाडी लावावी लागते."

"लाव की. आणि येताना चालत ये. पायांना ओळख राहील."

वर्ष केव्हा उलटले ते कळलेही नाही. परत जाण्याचा विषयच निघाला नाही.

मग एका रविवारी मास्तरीणबाई मुलाबरोबर गाडीत बसून कुठेशा गेल्या. परतल्या तेव्हा मुलाच्या हातात जड खोके होते. त्यांनी ते वन्संच्या खुर्चीच्या उंचीच्या टेबलावर ठेवायला लावले आणि उघडले. आत कोरे करकरीत मशीन होते.

वन्सं पाहत राहिल्या. मग त्यांनी नजर वळवली. "माझी थट्टा करतेस होय? पाय कुठून आणू पॅडलला?"

"पाय कोण मागतंय? या गावात पाय लागतात कुणाला?" मास्तरीणबाईंनी मशीनच्या अंगावरचे बटण दाखवले. "बोटानं दाबायचं, बोटानं थांबवायचं. तुमचं मशीन मी फार दिवस वापरलं, वन्सं. 'पुढे बघू' म्हणाला होतात. आता बघा."

वन्संनी चिंधी ओढली, सुईखाली सरकवली आणि बटण दाबले. पहिला टाका वाकडा गेला, दुसरा थरथरला. मग त्या बोटांना आपली जात आठवली. आखल्याविना एक सरळ, बारीक, एकसारखी शिवण चिंधीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. इतकी वर्षे गिऱ्हाइकांकडून वाहवा घेतलेल्या मास्तरीणबाईंना तशी कधीच साधली नव्हती. त्यांनी ती चिंधी उजेडाकडे धरली आणि कोणाला कळणार नाही अशी मान लववली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक बसवाला कापड घेऊन उभा होता.

"मास्तरीणबाई कोण?"

मास्तरीणबाईंनी वन्संकडे हात केला. "त्या. मी त्यांच्या हाताखाली आहे."

वन्संनी कापड घेतले, चिमटीत चोळून पाहिले, आणि बसवाल्याला समोरच्या खुर्चीत बसायची खूण केली. मग मान वर न करता म्हणाल्या, "वहिनी, कालचा शर्ट शिवून पडलाय. काजं-बटणं तू करून टाक."

काजं-बटणं म्हणजे शिकाऊ हाताचे काम. मास्तरीणबाईंनी सुई घेतली, वन्संच्या खुर्चीपाशी खाली मांडी घातली, आणि पहिले काज करायला घेतले.