उभ्या गाडीला ओढणारा देव

"ओढलं! ओढलं! ओढलं!"

रविवारची सकाळ. जळगावच्या तलावाकाठच्या मोठ्या बागेत, निंबाच्या झाडाखाली शे-दीडशे माणसं घसा कोरडा पडेस्तोवर ओरडत होती. भुसावळच्या एक धिप्पाड बाई दोन चाकांच्या उभ्या गाडीवर डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. हँडलला बोटही लागलेलं नाही, आणि तरी गाडी शेंदूर फासलेल्या दगडाकडे संथपणे निघालेली! दगडापुढच्या दोरीला गाडी टेकली तशा बाई ढसाढसा रडल्या. दोन जणी त्यांच्या पाया पडल्या. एकीनं तर चाकालाच हळदीकुंकू लावलं.

गाडीचं खरं नाव सेगवे. पण ते नाव बागेत कुणाच्या तोंडी बसलं नाही, सगळे तिला 'उभी गाडी'च म्हणायचे. बसायला सीट नाही, दोन चाकांच्या मधल्या पाटीवर उभं राहायचं, समोर कमरेएवढी दांडी आणि तिला हँडल. अशा सहा गाड्या प्रेमराजशेठनी आणल्या होत्या. पाच जणांना डोक्यावर टोप्या घालून गाडीवर चढवायचं, सहावीवर स्वतः पुढे राहायचं आणि गुलाबाचा ताटवा, कारंजं, तलावाचा काठ असं पाऊण तास फिरवून आणायचं, हे काम डिंपलकडे होतं. डिंपल चोपड्याची, बी.एस्सी. झालेली. नोकरी शोधून चपला झिजल्यावर हे काम मिळालं, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

फेरीआधी ती सगळ्यांना शिकवायची. "पुढं झुकलं की गाडी पुढं. मागं रेललं की मागं. सरळ उभं राहिलं की थांबते. हँडल फक्त वळायला आहे." लोक माना डोलवायचे आणि ऐकलेलं तिथंच सांडून द्यायचे. आपल्याकडे माणूस मिसरूड फुटायच्या आत मोटारसायकल शिकतो. गाडी म्हणजे मुठीत, मूठ पिळली की पळणार, एवढं त्याच्या हाडात भिनलेलं. म्हणजे मूठ सोडली की गाडी आपण चालवतच नाही! मग आता ती चालवतंय कोण?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला निंबाखाली अभिमन महाराज बसलेले होतेच.

चार महिन्यांपूर्वी हे महाराज आठवडे बाजारात दाताची पूड विकायचे. पूड खपेना, म्हणून दुपारी बागेत येऊन झोपायचे. एकदा फेरीतल्या एका आजोबांनी निंबाखालचा शेंदूर लावलेला दगड पाहिला आणि सवयीप्रमाणे गाडीवरच पायानं पाय दाबून चपला काढल्या, हात जोडले, वाकले. गाडी गेली सरळ दगडाकडे. आजोबा किंचाळले, "देवानं ओढलं!" महाराज खडबडून उठले. पुढच्या रविवारी त्यांच्या अंगावर भगवी शाल होती आणि निंबाच्या शेंड्याला झेंडा.

"या यंत्रात पेट्रोल आहे का? नाही!" महाराज गर्जायचे. "गिअर आहे का? नाही! मग हे चालतं कशावर? भावावर! हे यंत्र विलायतेतून निघालं, पण त्याचा धनी इथं बसलाय. ज्याचं मन साफ त्याला तो ओढतो. ज्याच्या मागं दोष, त्याला ढकलतो. बोला, ओढ्या देव की..."

"जय!"

भावावर म्हणे! प्रेमराजशेठच्या शेडमध्ये हा भाव रोज रात्री प्लगला लावून चार्ज करावा लागायचा, तो डिंपल स्वतः लावायची.

तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. दोन आठवड्यांत त्याहून अधिक कळलं. महाराजांना ज्याला ओढवायचं असेल त्याला ते सांगायचे, "चपला काढ, हात जोड, देवाच्या चरणाकडे बघ." माणूस वाकायचा, गाडी पुढं. आणि ज्याच्याकडून दोषाच्या शांतीचे पैसे काढायचे असतील त्याला सांगायचे, "हात जोड, वर झेंड्याकडे बघ." मान वर गेली की अंग मागं, अंग मागं की गाडी मागं. लागला दोष! भोळेपणा लोकांचा होता. महाराज मात्र भोळे मुळीच नव्हते.

डिंपलनं शेठना सांगितलं. शेठ हसले. "अगं, आधी आठवड्याला चार माणसं यायची. आता रांग लागते. लोकांना समाधान, आपल्याला धंदा. कुणाचं काय वाईट होतंय?"

खरंच, कुणाचं काय वाईट होतंय, असं म्हणून डिंपलही गप्प बसली. नोकरी टिकायला हवी होती. निंब आला की ती गाड्या उभ्या करायची आणि तलावातल्या बदकांकडे बघत राहायची.

त्या रविवारी मात्र बदकांकडे बघणं जमलं नाही, कारण रांगेत तिचे आबा उभे होते.

उखर्डू आबा म्हणजे तिच्या आईचे काका, रावेरकडचे केळीवाले. लहानपणी प्रत्येक सुट्टीत डिंपल त्यांच्या केळीच्या बागेत हुंदडलेली. आबांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेलीच होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "गेलेली नजर येणार नाही. राहिलेली वाचवायची तर आता ऑपरेशन पुढं ढकलू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दवाखान्यात हजर व्हायचं, म्हणून आबा आणि त्यांची बायको बेबा आजी डिंपलच्या खोलीवर मुक्कामाला आले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की आबा विषय बदलायचे. तेवढंच मन रमेल म्हणून डिंपलनंच त्यांना बागेत आणलं होतं.

रांगेत महाराजांचा एक चेला गोड गोड बोलत फिरायचा. बेबा आजीनं त्याला दोन मिनिटांत डोळा, डॉक्टर, उद्याची तारीख सगळं सांगून टाकलं. चेला जाऊन महाराजांच्या कानाला लागला.

आबा निंबापुढं आले. महाराजांनी डोळे मिटले. "थांबा! तुमच्या डोळ्यावर संकट आहे. डावा डोळा!"

आबा थरारले. "अवं माय! यायले कसं कयलं?"

"चपला काढा. हात जोडा. चरणाकडे बघा."

"आबा, हँडल सोडू नका!" डिंपल ओरडली. पण देवापुढं हँडल कोण धरून ठेवणार? आबा वाकले आणि गाडी सुरेख निघाली. गर्दीनं एकच गजर केला.

"देवानं तुमचा डोळा अंगावर घेतला!" महाराजांनी एक बाटली काढली. "आता त्याला लोखंड लावू नका. अकरा रविवार या आणि हे अंजन घाला."

आबा गाडीवरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. "चाल वं डिंपल, घरी चाल. डॉक्टरले फोन करून दे, नही येत म्हना. देवानं ओढलं मले! आता कायले डोया कापायचा?"

"आबा, तो देव नाही, तुम्हीच वाकलात म्हणून..."

"मी कुठी चालवली? माहा हात तं जोडेल होता!" आबा चिडलेच. "बठ्ठ्या लोकायनं पाह्यलं. तू काय शिकवते मले?"

बेबा आजीनं तर बाटली पदराला बांधलीसुद्धा.  हे कुणाचं तरी वाईट होत होतं, आणि ते तिच्याच माणसाचं. मागून प्रेमराजशेठ दबक्या आवाजात म्हणाले, "डिंपल, पुढची फेरी घे. इथं तमाशा नको."

"तमाशाच करते आता," डिंपल म्हणाली.

तिनं आबांचा दंड धरला. "आबा, एकदाच. माझ्यासाठी. परत चढा." आबा कुरकुरत चढले. डिंपलनं गाडी जागच्या जागी पूर्ण फिरवली. आता देव आबांच्या पाठीमागं, समोर बागेचा रस्ता आणि त्याच्या टोकाला भेळेची गाडी.

"देवाला पाठ दाखवतेस?" महाराज कडाडले. "पाप लागेल!"

"लागलं तर मला लागू दे, महाराज. देव ओढतो ना? मग कुठूनही ओढेल. आबा, हात जोडा आणि मघासारखं वाका."

आबांनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली, हात जोडले, वाकले. गाडी निघाली. देवाकडे नव्हे हो, थेट भेळवाल्याकडे! भेळवाला डावातला चिवडा हातातच धरून दोन पावलं मागं सरला. डिंपल सोबत पळत होती, तिनं आबांना छातीशी धरून सरळ केलं तशी गाडी थांबली.

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. "महाराज, देवाला भेळ खायची इच्छा झाली का काय?"

"देव... देव सर्वत्र आहे!" महाराज म्हणाले.

"मग या दगडापुढं रांग कशाला लावता?" डिंपलनं विचारलं. आबा गाडीवरच उभे होते. "आबा, आता वर बघा. त्या पिंपळाच्या शेंड्याकडे." आबांनी वर बघितलं आणि गाडी मागं सरकली, देवाच्या दिशेनं. "बघा! एरवी देवाकडे तोंड करून वर बघणारा मागं ढकलला जायचा, त्याला दोष लागायचा. आता पाठ करून वर बघितलं तर देव ओढतोय! दोष आणि पुण्य गाडी फिरवली की बदलतं का?"

आता कुणी हसत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले होते.

"महाराज, तुम्ही चढा," आबांना उतरवून डिंपल म्हणाली. "देव तुमचाच. तोंड देवाकडे करा, हात जोडा, आणि वर झेंड्याकडे बघा."

"मी यंत्रावर चढत नसतो."

"चढा की महाराज!" गर्दी ओरडली. "चढा! चढा!"

दीडशे माणसांपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. महाराज चढले. हात जोडले. पण मान काही वर होईना! हनुवटी छातीला चिकटवून, ताठ, श्वास कोंडून ते उभे.

"वर बघा ना, महाराज!"

"बघतोय, बघतोय," म्हणत महाराज खालीच बघत राहिले. तिथंच त्यांचं पितळ उघडं पडलं. ज्याला काही ठाऊक नाही तो बिनधास्त वर बघेल. हा माणूस बघत नाही, म्हणजे याला सगळं ठाऊक आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं. तेवढ्यात तोल सांभाळता सांभाळता महाराजांचं बूड मागं गेलं, गाडी मागं गेली, ते घाबरून आणखी मागं रेलले, गाडी आणखी जोरात, आणि शाल, माळा, बाटल्या यांच्यासकट महाराज कर्दळीच्या ओल्या वाफ्यात उताणे झाले. आता मात्र त्यांना झेंडा अगदी समोर दिसत होता.

हशा ओसरल्यावर डिंपलनं गाडीची पाटी सगळ्यांना दाखवली. "यात एक यंत्र आहे. तुम्ही किती आणि कुठं कलता ते त्याला कळतं. पुढं कललात की पडू नये म्हणून ते चाकं पुढं नेतं, मागं कललात की मागं. चपला काढताना टाच उचलते, वजन बोटांवर येतं, तेवढंसुद्धा पुरतं. हात जोडा नाहीतर खिशात घाला, गाडी तुम्हीच चालवताय. या अंजनानं गाडी चालत नाही आणि डोळाही बरा होत नाही."

 आबांनी आजीच्या पदराची गाठ सोडली, बाटली काढली आणि कर्दळीत उलटी केली. "सकायी किती वाजता जायचं म्हने?"

"नऊला, आबा." डिंपलला हसू आणि रडू एकदमच आलं.

लोक पांगायला लागले. एक म्हातारा मात्र हातात नारळ घेऊन तसाच उभा राहिला. पिंपळनेरचे जीवराम नाना. दोष फेडायला दर रविवारी एवढ्या लांबून यायचे, आजचा त्यांचा अकरावा रविवार होता. ते डिंपलजवळ आले.

"पोरी, हाई तुले पहिला दिनपाइन माहीत व्हतं?"

डिंपलनं होकाराची मान हलवली.

"मनी पोर रोशनी, तिन्ही गाडी मांगे गई. तिन्हा व्हणारा सासरना लोके इठेच उभा व्हतात. आठ दिनमा सोयरीक मोडनी." नानांचा आवाज चढला नाही. "तू तव्हय का नही बोलनी, बेटा?"

 नोकरी, शेठ, रांग, सगळं जिभेवर आलं, आणि त्यातलं एकही त्या माणसापुढं उच्चारण्यासारखं नव्हतं. "चुकलं, नाना," एवढंच ती म्हणाली. नाना नारळ तिच्या हातात देऊन फाटकाकडे चालू लागले. ती पळत त्यांच्या मागं गेली. "नाना, त्या लोकांचा पत्ता द्या. मी येते. त्यांना सगळं करून दाखवते."

"त्या पोऱ्यानं दुसरीसंगे लगन व्हई गयं," नाना म्हणाले आणि गेले.

आबांचं ऑपरेशन ठरल्या वेळी झालं, नजर राहिली. महाराज गावातून नाहीसे झाले, दुसऱ्या कुठल्या गावी कुठलं तरी झाड त्यांना सापडलंही असेल. शेठची रांग आटली. शेठनी डिंपलला काढलं नाही, पण महिनाभर तोंड वाकडं ठेवलं.

डिंपलची फेरी अजून निंबाखाली थांबते. आता ती बदकांकडे बघत नाही. गाड्या देवाकडे तोंड करून लावते, सगळ्यांना वाकायला लावते, मग गाड्या उलट फिरवून पुन्हा वाकायला लावते. माणसं भेळवाल्याकडे निघाली की हसतात, आणि हसता हसता त्यांना कळतं.

"नमस्कार करायचा तर खुशाल करा," ती सांगते. "पण तुमचा डोळा, तुमचं औषध, तुमच्या पोरीचं लग्न कुणी चमत्कारावर ठरवायला लागलं, तर आधी गाडी उलटी फिरवून बघा. आणि तुम्हाला खरं माहीत असेल तर त्याच दिवशी बोला. मी चार महिने उशीर केला, आणि त्याची किंमत पिंपळनेरच्या एका मुलीनं मोजली."