मोजपात्रातलं पाणी

माझे सासरे, अण्णा, जन्मभर गणिताचे मास्तर होते. पोरांच्या बाहीतली, मोज्यातली, पट्टीच्या मागची कॉपी त्यांना वर्गाच्या दारातून दिसायची. असा माणूस सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच लबाडी करायला गेला, आणि तीही इतकी कच्ची की पहिल्याच फटक्यात पकडला गेला.

झालं असं, की त्यांच्या रक्तातला पीएसए नावाचा आकडा वाढत चालला होता. तो वाढला की प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग आहे का, ही शंका येते. आधी एकदा सुईने तुकडे काढून तपासले, काही निघालं नाही. तरी आकडा खाली यायचं नाव घेईना. म्हणून डॉक्टरांनी मॅपिंग बायॉप्सी सुचवली. सासूबाई आता नाहीत, नवऱ्याची बदली दुसऱ्या शहरात. राहता राहिले मी. मी कुरिअरच्या काउंटरवर असते, म्हणजे दिवसभर लोकांशी भांडायचा मला पगार मिळतो.

डॉक्टरांनी एक चौकोनी पट्टी दाखवली, सगळीकडे ओळीने भोकं असलेली.

"मागच्या वेळी ठरावीक जागांचेच तुकडे घेतले होते. आता ही पट्टी बाहेरून टेकवायची आणि एकेका भोकातून सुई घालून पूर्ण ग्रंथीचे तुकडे घ्यायचे. कुठल्या चौकटीतून कुठला तुकडा काढला, त्याची नोंद राहते."

"म्हणजे आलेखच की!" अण्णा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

पण सुया कुठून जाणार हे कळल्यावर तो पुन्हा मिटला. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून. पाय वर टांगलेले, मागून सोनोग्राफीची नळी आत. पूर्ण भूल देणार, त्यामुळे कळणार काही नाही. नंतर ती जागा सुजेल, काळीनिळी पडेल, थोडे दिवस लघवीतून रक्त जाईल, वीर्य तर काही आठवडे लालसर दिसेल, घाबरायचं नाही. एवढं होईपर्यंत अण्णा छताच्या पंख्याची पाती मोजायला लागले होते आणि मी पर्समध्ये नसलेली वस्तू शोधत होते.

"आणि सुजेमुळे काहींची लघवी अडते," डॉक्टर म्हणाले. "मग थोडे दिवस नळी आणि पिशवी घेऊन घरी जावं लागतं."

"ती पिशवी रिकामी कोण करतं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही करा, नाहीतर घरातलं कुणीही. सोपं असतं."

अण्णांची नजर पुन्हा पंख्यावर गेली. मला वाटलं, दुखण्याला घाबरले असतील.

तपासणी ठरल्याप्रमाणे झाली. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं, सकाळी एनिमा, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शन. भुलीतून अर्धवट जागे झाले तेव्हा मला म्हणाले, "किती पैकी किती?" मी म्हटलं, "पैकीच्या पैकी, झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने तपासणीच्या वेळी घातलेली लघवीची नळी काढली आणि हातात मोजपात्र दिलं. "मास्तर, पाणी प्या आणि यात लघवी करून दाखवा. नीट झाली की घरी."

अण्णा संडासात जायचे, नळ सोडायचे, रिकामे परत यायचे. दुपार टळली तरी तेच. मग एकदा मात्र मोजपात्र नॅपकिनने झाकून, ताठ मानेने बाहेर आले. सिस्टरने नॅपकिन उचलला. आत काचेसारखं नितळ पाणी.

"मास्तर, हे नळाचं की बाटलीतलं?"

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला.

"अहो, काल तुमच्या आतली चाळणी केलीये. आज इतकं स्वच्छ कुणाचंच येत नाही. थोडं लालसर असतं तर एक वेळ फसलेही असते!"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट खो खो हसला. मीही हसले. मग अण्णांच्या कपाळावरचा घाम दिसला, पोटाशी आवळून धरलेला हात दिसला, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. सिस्टरने पोटावर यंत्र लावून बघितलं. मूत्राशय गच्च भरलेलं. मला बाहेर काढून पुन्हा नळी घातली.

मी आत आले तेव्हा पिशवीत गुलाबी लघवी भरत होती आणि अण्णा सुटल्यासारखे पडून होते. मी तोंड सोडलंच. "अण्णा, घरी जाऊन काय करणार होता? फुटेपर्यंत बसून राहणार होता?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाकता येत नाहीये. घरात तू एकटी. सुनेने सासऱ्याचं हे असलं करायचं? त्यापेक्षा..."

मला इतका राग आला की रडू फुटलं. "सासूबाईंचं शेवटी सगळं मीच केलं ना? त्या कधी असं म्हणाल्या?"

"ती बायकांची गोष्ट वेगळी. मी..."

"तुम्ही परके? की मी परकी? इतकी वर्षं या घरात आहे ती काय चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल म्हणून?"

अण्णांना हसू आलं, हसताना खाली दुखलं, आणि ते "आई गं" म्हणत पुन्हा हसले.

सिस्टरने मला शिकवलं. पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची, तोटी भांड्याला लावायची नाही, आधी आणि नंतर हात धुवायचे. ताप, थंडी, रक्ताच्या गुठळ्या किंवा नळी बंद पडली, तर तडक इकडे.

घरी पहिल्या वेळी अण्णांनी तोंडावर वर्तमानपत्र धरलं. पुढच्या वेळी ते खाली आलं. नंतर तर "अगं, भरत आली" अशी हाक मारून स्वतःच भांडं पुढे सरकवू लागले. मी रिकामं करायचे, ते रंग बघून "कालच्यापेक्षा फिकट" असा शेरा मारायचे. नळी निघाली त्या दिवशी दवाखान्याच्या संडासातून "झाली!" अशी आरोळी आली. ती अख्ख्या वॉर्डाने ऐकली असणार. या वेळी मोजपात्रात खरोखरच लालसर होतं.

खरी परीक्षा अजून व्हायची होती. रिपोर्टची तारीख कळल्यावर नवऱ्याचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला.

"मी रजा काढून येतो, अण्णा. डॉक्टरांसमोर मी बसतो. तिला कशाला उगाच?"

"ये की," अण्णा म्हणाले. "पण तू बाहेर बस. आत ती येईल."

"का?"

"तू रडशील, आणि मग मला तुलाच सांभाळत बसावं लागेल. काही वाईट निघालं, तर मला माझ्या बाजूने भांडणारं माणूस हवंय."

मी भाजी चिरत होते, ती तशीच टाकली. डोळे पुसले, काउंटरवर फोन लावला आणि त्या दिवसाची रजा मागून घेतली.