श्रीकाराची तीन मतं

"चिठ्ठ्या टाकून गाव चालवायचं? आमच्याकडं पोरंसुद्धा असं खेळत नाहीत!" उल्हास व्हिलेज हॉलमध्ये गरजला, आणि चहा ढवळणाऱ्या बारा माणसांचे चमचे थांबले.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहराची सगळी राउंडअबाउट्स संपली की हे गाव लागतं. पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, एक जागा रिकामी झाली होती आणि तिच्यावर एकच प्रश्न टांगला होता. चर्चमागच्या अलॉटमेंट्स, म्हणजे लोकांचे भाजीचे वाफे, ठेवायचे की बुजवून पार्किंग करायचं? उल्हास पार्किंगवाला, घरी गाड्या दोन, दारात जागा एकीला. त्याची आई लीलावती, साताऱ्याकडची. तिचा वाफा तिथंच. बुटाला गोळे होऊन चिकटणाऱ्या त्या मातीत तिनं हट्टानं मेथी उगवली होती. "आई, घरामागं कुंड्या आणून देतो," असं उल्हास म्हणाला तेव्हा ती गप्प बसली. आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं समजणारा हा शहाणा.

उल्हासविरुद्ध उभी होती वाफ्यांची बाजू घेणारी जिलियन. दोघांना मतं एकशे बेचाळीस. बाद मतं तीन. बरोबरी झाली की चिठ्ठी टाकायची, असा नियम निवडणूक अधिकारी डॉसनसाहेबांनी सांगितला होता.

"आधी रीकाउंट करा. निकाल जाहीर व्हायच्या आत मागतोय, कायद्यात बसतं."

"बसतं. पण मागणी वाजवी नसेल तर मी नाकारू शकतो."

"बरोबरीहून वाजवी काय असतं, साहेब?"

साहेबांनी गठ्ठे सोडले. पुन्हा मोजलं, पुन्हा बेचाळीसच.

"मग ती बाद मतं दाखवा."

डॉसनसाहेबांनी उमेदवारांच्या नावांपुढच्या फुल्यांवर तळहात ठेवून कागदांचे फक्त माथे दाखवले. मत कुणाला ते मागून, नियम आधी. तिन्हींवर पेन्सिलीनं एकच खूण. "मतदार ओळखता येईल असं लिहिलं की मत बाद. ही सही दिसते."

उल्हासची छाती फुगली. श्री! वाणसामानाच्या यादीवरसुद्धा आधी श्री काढायचा, ही घरची रीत. बूथमध्ये त्याचाही हात तसाच गेला होता. गावात मराठी घर एकच; म्हणजे एक मत त्याचं, एक आईचं, एक बायकोचं. वरदा तर पहाटे उठून प्रचाराचे कागद वाटून आली होती. आपण ही मतं ओळखली, हे मात्र त्यानं साहेबांना सांगितलं नाही.

"सही कसली? ही शुभ खूण आहे. आणि तिघांची सही एकसारखी असते होय? यावरून तीन माणसं ओळखून दाखवा मला!"

साहेबांनी नियमाचं पुस्तक चाळलं, चष्मा पुसला. "फुली स्पष्ट आहे. मतदार कोण ते कळत नाही. तिन्ही मतं ग्राह्य."

उल्हासनं तिथल्या तिथं जिलियनला 'बॅड लक' म्हणून घेतलं. साहेबांनी तळहात उचलला.

एक उल्हासला. दोन जिलियनला.

"रीकाउंट," उल्हास कसाबसा म्हणाला.

"आता मागणी वाजवी नाही," साहेब म्हणाले आणि निकाल वाचायला उठले.

घरी लीलावती मेथी निवडत होती.

"आई, तू जिलियनला मत दिलंस?"

"मत गुप्त असतंय म्हनं हितं."

"मी पोटचा पोरगा तुझा!"

"व्हय की. म्हनूनशान शिरी काढला वर. म्हनलं देवा, पोराला अक्कल दे. वाफ्यावर गाड्या उभ्या करतोय, गाडीला काय कोंब फुटत्यात?"

उल्हास बायकोकडं वळला. "आणि तू गं, वरदा?"

"आई," वरदानं सासूला विचारलं, "भाजीत दाण्याचं कूट किती घालू?"