बालविभागातली पोथी

पहिला अध्याय

बोर्ली पंचतनच्या वाचनालयात दोन कपाटं होती. मोठ्यांच्या कपाटाला कुलूप असे. बालविभागाच्या कपाटाचं दार नीट लागतच नसे. केसर कोळीण बाजारात सुकी मासळी विकून झाली की रिकामी पाटी पायरीवर ठेवून त्या न लागणाऱ्या दारापुढे उभी राहायची. चौथी पास होती ती. लग्न होऊन खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यात आली आणि अक्षरं मागेच राहिली, माहेरच्या मांजरासारखी.

वाचनालय सांभाळणारे रामचंद्र मास्तर शिस्तीचे. कोळीवाड्यातली बाई आजवर सभासद झाली नव्हती, म्हणून केसरलाही त्यांनी केलं नाही. मग तिने धाकट्या नणंदेचं, शकूचं नाव पुढे केलं. शकू शाळेत जाणारी. बालविभागाला तेवढं पुरे.

मिळालं ते पुस्तक समुद्रकिनाऱ्याचं होतं. शिंपले, खेकडे, पाणपक्षी, आणि पानोपानी चित्रं.

"दोन आठवड्यांत परत," मास्तरांनी बजावलं. "उशीर झाला, डाग पडला, तर शकूचं नाव कमी. पुन्हा पुस्तक मिळणार नाही."

केसरला या जगात तेव्हा एवढंच हवं होतं, की ते नाव कमी होऊ नये. हे पुस्तक परत करायचं, दुसरं आणायचं, मग तिसरं. कपाट संपेपर्यंत.

दुसरा अध्याय

आषाढ. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या. दुपारी मांडवात बाया आणि म्हातारे जाळी दुरुस्त करत बसत. दरवर्षी त्या वेळेला भागोजीबुवा पोथी वाचायचे. यंदा ते डोळे दाखवायला मुंबईला लेकाकडे गेले होते, आणि दुपार भकास झाली होती.

केसर शकूला हळूच वाचून दाखवत होती.

"मोठ्यानं वाच गो," सोनाबाई म्हणाली. ती वाड्यातली सगळ्यात म्हातारी. "आमचे कान काय जाळ्यात अडकलेत?"

"आजे, ही बारक्या पोरांची गोष्ट हाय."

"मग? आमी काय म्हाताऱ्याच जन्मलो व्हय?"

केसर मोठ्याने वाचू लागली. भरती-ओहोटी चंद्रामुळे, हे कळल्यावर कुणाला नवल वाटलं नाही. पण शिंपला आपलं घर स्वतः बांधतो, वर्षावर्षाला थोडं थोडं वाढवतो, हे ऐकून हातातल्या सुया थांबल्या.

दुसऱ्या दिवशी केसर मांडवात आली तेव्हा पाट मांडलेला होता. समई पेटलेली. तिची सासू कृष्णाबाई हिने पुस्तक तिच्या हातातून घेतलं, पाटावर ठेवलं, आणि केसरच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल.

"आये! डाग!"

"डाग कसला? छापलेलं चारचौघांत मोठ्यानं वाचलं, की ती पोथीच."

मध्ये

वाचकहो, इथे थोडं थांबू. पाटावर बसलेल्या पोथीचे कायदे सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्या पुस्तकाला ते ठाऊक नव्हते. चालू अध्यायातून उठायचं नाही. पोथी अर्धी सोडायची नाही. समाप्तीला नारळ फोडायचा. आणि सोयरसुतकात पोथीला हात लावायचा नाही.

तिसरा अध्याय

"काही खेकड्यांची पाठ मऊ असते," केसर वाचत होती. "म्हणून ते रिकाम्या शंखात घर करतात. असा खेकडा मोठा झाला, शंख पुरेनासा झाला, की"

वाड्यातली मैना बाळंत झाली. मुलगी.

समई शांत केली. पुस्तक तांबड्या फडक्यात बांधून फळीवर गेलं. सगळा कोळीवाडा एका भावकीचा, तेव्हा सोयर सगळ्यांनाच.

रिकामी जागा

इथे अध्याय नाही. फळीवर पुस्तक, खाली केसर.

"आये, आज परत करायचं होतं. मास्तर नाव काढतील."

"काढू देत."

"मग पुस्तक न्हाय मिळणार. कधीच."

"चंदर नारळी पुनवेला होडी लोटणार. त्याच्या आधी अर्धी पोथी घराबाहेर घालवू? तुझा घोव हाय ना गो तो?"

नवऱ्याच्या जिवापुढे पुस्तक फळीवरच राहिलं. केसर बाजाराला जायची ती वाचनालय चुकवून, मागच्या गल्लीने. एकदा मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. हाक मारली. ती ऐकू न आल्यासारखी चालत राहिली. पाटी डोक्यावर असताना मान वळत नाही, हे एक बरं असतं.

तिसऱ्याचा उरलेला

"की तो नवा शंख शोधतो. जुना सोडून नव्यात शिरेपर्यंत तो उघडा असतो. तेवढाच वेळ त्याच्या जिवाला धोका."

सोयर फिटलं होतं आणि मांडव गच्च भरला होता. एवढे दिवस तो खेकडा सगळ्यांच्या डोक्यात तसाच अडकून पडला होता.

"तुझ्या नव्या घरासारखं झालं," सोनाबाई शेजारच्या काशीला म्हणाली. "जुनं पाडलंस आन् नव्यावर कौलं न्हाईत."

हशा चालू असतानाच मांडवाच्या तोंडाशी छत्री मिटली. रामचंद्र मास्तर. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल.

"शकूच्या नावावरचं पुस्तक," ते म्हणाले आणि त्यांना पाट दिसला. समई दिसली. मुखपृष्ठावरचं कुंकू दिसलं. "अरे देवा! हे काय केलंत?"

"मास्तर, वहाणा बाहेर," सोनाबाईने सांगितलं. "अध्याय चाललाय. मधी बोलायचं न्हाय."

मास्तर ब्राह्मण माणूस. मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांच्या रक्तातच. ते बसले.

शेवटचा

 शेवटचं पान उरलं होतं. ते संपलं की पुस्तक जाणार, नाव जाणार. केसर मुद्दाम सावकाश वाचत गेली, तरी पान संपलंच.

"आता हे पुस्तक मिटा. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूवर एका जागी बसा. हलू नका, बोलू नका. आणि पाहा, कोण बाहेर येतं."

समाप्तीचा नारळ फुटला. सोनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्या मागे कृष्णाबाई, काशी, सगळ्याच.

"कुठं निघालात?" मास्तरांनी विचारलं.

"पोथीनं सांगितलंय ना? वाचलं आन् केलं न्हाय, तर फळ कुठनं मिळंल?"

"अहो, मुलांच्या पुस्तकात असं लिहायची पद्धत असते. खरंच जायचं नसतं."

"खोटं लिवलंय मग?"

मास्तरांनी छत्री उचलली.

खाडीच्या आडोशाला पाणी मागे सरलं होतं. ओल्या वाळूवर सगळे बसले. म्हाताऱ्या, सुना, पोरं आणि जरा अंतर राखून मास्तर. कोळीवाड्यातल्या बाया एका जागी गप्प बसल्या. मास्तरांनी नंतर बोर्लीत हे सांगितलं, तर त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

आधी काहीच नाही. मग वाळूला भोक पडलं. दुसरं पडलं. वाटाण्याएवढे खेकडे बाहेर आले आणि घाईघाईने वाळू तोंडाशी नेऊ लागले. त्यातलं खाणं चाटायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. बघता बघता प्रत्येक भोकाभोवती गोळ्यांची रांगोळी झाली.

या गोळ्या सोनाबाईने जन्मभर तुडवल्या होत्या. तिला वाटायचं, लाट फुटून होतात. मास्तरांना तर काहीच वाटलं नव्हतं. समुद्र इतका जवळ, पण ते इथवर येत ते अस्थी विसर्जनाला. आता ते पुढे वाकून बघत होते. मैनाच्या थोरल्या पोराने त्यांना बोटाने दाखवलं, "तो बघा, तो लई भुकेला हाय," आणि मास्तरांनी मान हलवली.

केसरचं लक्ष खेकड्यांकडे नव्हतं. ती मास्तरांचा चेहरा वाचत होती.

ते उठले. केसरने छातीशी धरून आणलेलं पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. हळदीचे ठसे, कुंकू, सुक्या बोंबलाचा वास. "हे आता कपाटात ठेवता येणार नाही," ते म्हणाले.

"चूक माझी हाय," केसर म्हणाली. "शकूचं नाव काढू नका."

"कुंकू मी लावलं," कृष्णाबाई मध्येच गरजली. "परत द्यायला मीच आडवलं. आन् शकूचं काय घेऊन बसलात? ती पोर दुपारभर बाहेर हुंदडते. वाचते ही."

"मग शकूचं नाव का घातलंत?"

"माझं घालत न्हवतात म्हणून," केसर म्हणाली.

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले. "कमिटीशी मी बोलेन. हे पुस्तक मांडवातच राहू दे. पुढचं नेताना मात्र सही करायची."

केसरने नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. तिन्ही एकत्र उच्चारायची सवय नव्हती. जीभ जरा अडखळली.

"पुढचं कसलं हाय?" कृष्णाबाईने विचारलं.

"जंगलाचं. वाघ, हरणं, माकडं. त्याला कुंकू लावायचं नाही."

"कागदाचं वेष्टण घालू. वेष्टणाला लावलं तर?"

मास्तरांनी विचार केला. "वेष्टणाला चालेल."

"पण मास्तर," सोनाबाई म्हणाली, "शेवटच्या पानावर जंगलात जाऊन गप्प बसा असं लिवलं असंल, तर मी न्हाय येणार. सांगून ठेवते."

"तू घरीच थांब," कृष्णाबाई म्हणाली. "आमी बघून येतो."