हातातला की पेटी

तुळसाबाईने हातातल्या बिनतारी यंत्राचं बटण दाबलं, ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. मैलभर लांब, ओढ्यापलीकडच्या मळ्यात, तिचे सासरे नानाजी तसंच यंत्र कानाला लावून बाजेवर बसले होते. त्यांना बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. बाकी काही नाही.

"बोल ना वं," शेजारी उभा असलेला तिचा नवरा रामराव म्हणाला. "काई बी बोल. जेवले काय, इचार."

तिने यंत्र त्याच्या हातात दिलं आणि पदर सावरत ओसरीच्या खांबाआड गेली.

नानाजींचा पुतण्या बबनराव लष्कराच्या बिनतारी पथकात नोकरी करून गावी, अनसिंगला, परतला होता. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या सामानातून त्याने यंत्रांच्या दोन जोड्या मिळवल्या होत्या. एक हातातली: गळ्यात अडकवता येणारी, कानाला लावील त्यालाच ऐकू येणारी. दुसरी पेटीची: दोघांनी उचलावी एवढी जड, तिची तार झाडावर चढवावी लागे, पण कर्ण्यातून आवाज अंगणभर जाई. दोन्हींत एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं. बटण सुटलं की मग त्याची पाळी. एक जोडी ठेवायची, दुसरी बबनराव परत नेणार होता. परवान्याची खटपटही त्यानेच अंगावर घेतली होती.

गरज खरी होती. गेल्या थंडीत नानाजी मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले, मांडीचं हाड मोडलं, आणि ओरडून घसा बसला तरी उजाडेपर्यंत कोणी आलं नाही. हाड जुळलं, पाय मात्र आखूड राहिला. गावात येऊन राहा म्हटलं तर ऐकतील ते नानाजी कसले! बायको गेल्यापासून त्यांचा जीव मळ्यातच रमे. रामराव कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याकडे गेला की आठवडा आठवडा परतत नसे. म्हणजे हाक मारायची नानाजींनी आणि ऐकायची तुळसाबाईने.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. लग्न होऊन आल्यापासून सून सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, त्या घराची रीतच तशी होती. नानाजी जेवायला घरी आले की ती बोलायची म्हशीशी, मोरीशी. "मोरे, ताट वाढलं हाये, भाकर निवून राह्यली," असं गोठ्याकडे तोंड करून म्हटलं की नानाजी हात धुऊन पाटावर बसत. वरणात मीठ कमी पडलं तर तेही मोरीलाच सांगत. लेकी बोले सुने लागे, ही म्हण या घरी म्हशीने निभावली होती, आणि तिने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

मग पेटीची पाळी आली. रामरावाने ती गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवली आणि बटण दाबून धरलं. खांबाआडून तुळसाबाई म्हणाली,

"मोरे, मळ्यात इचार बरं, पाय दुखून राह्यला काय?"

मळ्यातल्या कर्ण्यातून शब्द लख्ख बाहेर पडले. नानाजींनी खुशीत बटण दाबलं.

"मोरे, सांग, आज बरा हाये."

घरी रामराव खो खो हसला. मळ्यात नानाजींजवळ बसलेल्या बबनरावाला काही हसू आलं नाही.

"काका, पेटी खोपीत राहीन," तो म्हणाला. "तुमी विहिरीवर पडले तं पेटीपातुर कसे जासान? हातातला गळ्यात राह्यते."

"हातातल्यात तिले बोलता येत नाही."

"मंग शिकन."

"काहून शिकन? माह्या पायासाठी तिनं रीत मोडाची काय? तिच्या कानात सासऱ्याचा आवाज, अन् माह्या कानात तिचा. पोरीले कसं वाटन?" नानाजी म्हणाले. "पेटीच ठेव."

म्हातारा हट्टी होता, पण हा हट्ट मायेचा होता, आणि मायेपुढे बबनरावाचं लष्करी शहाणपण चालेना. नानाजींनी पेटीवरून निर्णय घरी कळवला. रामराव 'बरं' म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला. बबनराव तार पक्की बांधायला लिंबावर चढला.

बाजेवर पडलेल्या हातातल्या यंत्रातून बारीक आवाज आला. नानाजींनी ते कानाला लावलं.

"मामाजी."

नानाजी उठून उभे राहिले.

"त्या राती तुमी आवाज देऊन राह्यले होते, अन् मी घरात झोपली होती. मले काईच आयकू नाही आलं. तवापासून माह्या डोयाले डोया लागत नाही, मामाजी. पेटी नको. हातातला गळ्यात घाला. मी बोलन."

पलीकडचं बटण सुटलं. आता पाळी त्यांची होती. त्यांनी घसा खाकरला, बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"हो, माय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काका, कोन बोललं?" बबनरावाने वरून विचारलं.

"कोनी नाही."

"मी आयकलं ना. 'हो, माय' म्हटलं तुमी."

"तुले भास झाला." नानाजींनी यंत्राचा पट्टा डोक्यावरून गळ्यात घातला. "तार सोड थे. पेटी वापस ने."

"आत्ता तं म्हणत होते..."

"घरी कोनी पुसलं तं सांगजो, काकाले पेटी उचलत नाही."

बबनरावाने आत्ताच मारलेली गाठ सोडायला घेतली.