मोरचुदाचे पैसे

मी सागवानी गल्ला बोलतोय. नागपुरात काटोल रोडवर रुपरावांचं बियाणं, खतं अन् औषधांचं दुकान होतं. १९६८ साली दुकान उघडलं, तेव्हा सुताराने मला तिथेच बसून घडवलं.

मला एक कोडं पडायचं. संध्याकाळी माझं पोट नोटांनी भरायचं, तरी दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत जायच्या. असं का?

रुपराव माणूस दिलदार. घरखर्च, पाहुणे, लग्नातले आहेर, सगळं माझ्यातूनच. त्र्याहत्तर साली त्यांनी फटफटी घेतली. त्या दिवशी मी तळापर्यंत रिकामा झालो.

चारच दिवसांनी काटोलचे धोंडबा आले. त्यांची संत्र्याची बाग होती.

"मोरचूद आहे का गा? झाडाईले डिंक फुटून राहिला."

मोरचूद, म्हणजे झाडांच्या बुरशीवरचं ते निळं औषध, दुकानात नव्हतं. इतवारीतला ठोक व्यापारी रोख घेतल्याशिवाय माल सोडत नसे.

"चार दिवसानं या ना."

"झाडं थांबतीन का चार दिवस?"

धोंडबा समोरच्या दुकानात गेले. मोरचुदासोबत खताची पोतीही तिथूनच घेतली. पुढे त्यांच्या गावचे बाकीचेही तिकडेच जाऊ लागले.

रुपरावांच्या पत्नी सिंधूताई दुपारी दुकानात बसत. त्यांनी हे पाहिलं. मग एक दिवस त्यांनी पेटीची एक पातळ फळी आणून माझ्या पोटात उभी ठोकली. डावा कप्पा मालाचा, उजवा घराचा.

आठवड्याने रुपरावांचा हात पेट्रोलसाठी डाव्या कप्प्याकडे गेला. ताईंनी झाकण धरलं.

"ते तुमचे पैसे नाहीत."

"मंग कोनाचे?"

"मोरचुदाचे."

रुपराव रागावून पायीच घरी गेले. महिनाभर दोघं कामापुरतंच बोलत. मग एके सकाळी रुपरावांनीच फटफटी विकली अन् आलेले पैसे डाव्या कप्प्यात ठेवले.

पुढच्या पावसाळ्यात समोरच्या दुकानातलं मोरचूद संपलं. आमच्याकडे चार पोती होती. धोंडबा आले, पण रुपरावांकडे बघेनात.

"घ्या," रुपराव म्हणाले. "मागच्या वर्षी मीच चुकलो."

आता १९८५ साल आहे. दुकानात लोखंडी टेबल आलंय. मी माळ्यावर आहे; माझ्यात पंपाचे जुने वायसर असतात. माझं कोडं सुटलं, म्हणून दुकान मांडणाऱ्यांना एवढंच सांगतो : गिऱ्हाईक गल्ल्यात कधी डोकावत नाही. ते मालाच्या फळीकडे बघतं, अन् ती रिकामी दिसली की पुढच्या दुकानात जातं.