हात लावू नये म्हणे!

मी दोर बोलतोय. काचेच्या पेटीतून बोलत नाहीये, भर गल्लीतून बोलतोय, हे आधी ध्यानात घ्या. माझं एक टोक चॅपेलच्या भिंतीतल्या कडीला आहे, दुसरं बोटीच्या धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला, आणि मधली चाळीस पावलं मी. मनगटाएवढा जाड, डांबराच्या वासाचा. वय साठच्या पुढे गेलंय. म्हातारा म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मला ‘जुनी वस्तू’ म्हणालात तर आपलं जमायचं नाही.

माझा जन्म भांगेच्या झाडाच्या सालीतून झाला. हसू नका, नशा मला कधी चढली नाही. शिमून नावाच्या दोरवळ्यानं आमच्या कामेन्यार गावाच्या मागच्या अंगणात, उलट्या पावलांनी चालत चालत माझे तीन पीळ वळले. त्याची अकरा वर्षांची मुलगी तोन्का दुसऱ्या टोकाला चाक फिरवत होती. मध्येच तिचा हात थांबला की शिमून ओरडायचा, “अगं, फिरव! ढिला पीळ म्हणजे माणूस समुद्रात!” पोरीच्या तळहातांना फोड आले होते, पण तिनं चाक सोडलं नाही.

आमचं गाव डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चेंगरलेलं. शरदात इथं दोन वाऱ्यांचं राज्य असतं. आधी दक्षिणेचा यूगो येतो, ओला, उबट, चिकट. तीन तीन दिवस हटत नाही. भिंतींना घाम फुटतो, मीठ विरघळतं, सगळ्यांची डोकी ठणकतात आणि नवरा-बायको चमच्यावरून भांडतात. मग डोंगरापलीकडून थंड हवेची लाट येते आणि तासाभरात सगळं पालटतं. यूगो मरतो आणि कड्यावरून बूरा कोसळते. बूरा कोरडी, बर्फगार आणि आडदांड. कौलं उडवते, बाक उलटे करते, माणसाला उचलून नेते. आमची गल्ली तर नेमकी दरीच्या तोंडाशी, आणि बोटीवरून उतरलेल्या माणसाला गावात शिरायला दुसरी वाट नाही. म्हणून दर शरदात मला बांधतात. माणसं मला धरून, एकामागे एक, हात सरकवत घरी जातात.

साठ वर्षांत माझ्यावर किती हात पडले म्हणून सांगू! मासे सोलणारे, पीठ मळणारे, अंगठी नुकतीच घातलेले, अंगठी नुकतीच काढलेले. माणसाचं तोंड खोटं बोलतं, पण बूरेत धरलेला हात कधी खोटं बोलत नाही. एरवी माझ्याकडे ढुंकून न बघणारा रुबाबदार माणूससुद्धा त्या चाळीस पावलांत मला असा कवटाळतो की बस्स.

शिमून गेल्यावर माझं सगळं तोन्का बघते. वसंतात ती मला गोड्या पाण्यानं धुते, माळ्यावर सुकवते, पाइनचं डांबर चोळते. माझ्या तीन पिळांपैकी दोन तिनं आजवर बदललेत. तिसरा अजून बापाच्या हातचा होता, तो ती काही केल्या बदलायला तयार नव्हती. “तो राहू दे. तेवढाच उरलाय माझ्याकडे,” असं ती मला सांगायची. होय, ती माझ्याशी बोलते. घरात दुसरं कोण आहे बोलायला?

तर गेल्या शरदात काय झालं, ते ऐका.

गावाचा नवा प्रमुख झाला नेव्हेन. राजधानीत शिकून आलेला, हसतमुख, कामसू पोरगा. वाईट अजिबात नाही, पण त्याला सगळं चकचकीत लागतं. त्यानं गल्लीत स्टीलचा कठडा बसवला. तोही सलग नाही. दरीच्या तोंडाशी, जिथं बूरा सगळ्यात माजते, तिथं वीस पावलं मोकळी सोडली, कारण तिथून समुद्राचे फोटो छान येतात. आणि मी त्या फोटोत आडवा येतो. झालं! त्यानं पंचांना बोलावलं आणि ठराव मांडला की दोर काढावा आणि मिठाच्या जुन्या कोठारातल्या संग्रहालयात सन्मानानं ठेवावा.

सन्मानानं! माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला.

आता गंमत बघा. तो दिवस यूगोचा दुसरा दिवस होता. आमच्याकडे यूगोत कुणी लग्न ठरवत नाही, जमीन विकत नाही, भांडणाचा निवाडा करत नाही. डोकं ठिकाणावर नसताना काढलेला शब्द गावात कुणी धरतच नाही. पण नेव्हेनला घाई होती आणि पाचही पंचांची डोकी फुटायला आली होती. लवकर घरी जाऊन पडावं म्हणून त्यांनी भराभर हात वर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काढायला नेव्हेन स्वतः आला. तोन्का गल्लीतल्या आपल्या घराच्या दारातच उभी.

“मावशी, कायमचा काही जात नाहीये तो,” नेव्हेन म्हणाला. “काचेची पेटी केलीय, आत दिवा लावलाय. शिमूनआजोबांचं नावही लिहिलंय पेटीवर.”

“हात कधी वर केलेत तुम्ही?”

“काल दुपारी.”

“काल यूगो होता.”

“मावशी, आता असलं कोण मानतं?”

“अरे, तुझ्या आजोबांनी यूगोत तुझ्या आजीला मागणीसुद्धा घातली नव्हती! पाच दिवस थांबला होता बिचारा. आणि तू त्या वाऱ्यात गावाचे ठराव करतोस? मी नाही मानत जा.”

“आज हवामानवाले सांगतायत की थंड लाट रात्री येणार. तोवर शेवटची बोट लागून माणसं घरी पोचतील. आणि कठडा आहेच की.” मग जरा नरमून म्हणाला, “माझे बाबाच येतायत दुपारच्या बोटीनं, गुडघा बदलून. मला काळजी नाही का त्यांची?”

मला खुंटावरून तोन्कानंच सोडवलं, आणि सोडवताना बापाच्या पिळावर अंगठा घट्ट दाबून धरला. ते मला कळलं, त्याला कळलं नाही.

पेटीत मला वेटोळं घालून बसवलं. गळ्यात पितळी पाटी अडकवली, वर रंगानं लिहिलेलं: ‘हात लावू नये’. अहो, साठ वर्षं हात लावून घ्यायलाच जगलो मी! आत ना वारा, ना खार, ना डांबराचा वास. मी फार घाबरलो. मरणाला नाही, पण तिथं तसंच नीटनेटकं पडून राहण्याला.

दुपारी दोनच्या सुमाराला यूगो एकदम पडला. पानसुद्धा हलेना. कोठार झाडायचं काम तोन्काकडेच असतं. ती झाडू हातात घेऊन खिडकीशी गेली, डोंगराकडे बघितलं आणि झाडू तिथंच टाकला. कड्यामागून शिसाच्या रंगाची ढगांची भिंत वर चढत होती. रात्रीची वाट न बघता लाट निघाली होती. आणि समुद्रावर, ठिपक्याएवढी, दुपारची बोट.

तिनं कमरेचा मासे चिरायचा सुरा काढला, पेटीचे चारी स्क्रू फिरवले आणि मला खांद्यावर घेतलं. एकाहत्तराव्या वर्षी! “चल बाबा,” मला म्हणाली, “आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, आता आपणही कुणाला विचारायचं नाही.” पाटी काढायलाही वेळ नव्हता.

कडीची गाठ मारली, तेव्हा पहिला झोत आला. गारठा असा की उकाड्यातले शर्ट घालून फिरणारी माणसं किंचाळत घरात पळाली. खुंटाशी पोचेपर्यंत तोन्का भिंतीला धरून रांगत होती. पण दुसरी गाठ तिनं मारली, शिमूनची गाठ, तीन वेढ्यांची.

बोट कशीबशी धक्क्याला लागली. बारा माणसं उतरली. कप्तानाला तिथं थांबणं शक्य नव्हतं, बोट लगेच खाडीच्या आडोशाला गेली. आता मागे पाणी आणि पुढे गल्ली. धक्क्यावर नेव्हेन बापाला घ्यायला आला होता. त्याचा बाप बार्तूल कुबड्यांवर उभा. नेव्हेननं त्याला कठड्याकडे नेलं. ओल्या, गार स्टीलवरून हात निसटत होते, आणि पुढे तर ती मोकळी वीस पावलं. एक झोत आला आणि बार्तूलची एक कुबडी काडीसारखी उडून समुद्रात गेली. बार्तूल गुडघ्यावर येणार, तोच खुंटाजवळून तोन्काचा आवाज आला.

“इकडे! दोराकडे! नेव्हेन, बघत काय राहिलास, बापाला पुढे घाल!”

नेव्हेननं मला बघितलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण पोरगा शहाणा, लगेच बापाचे दोन्ही हात त्यानं माझ्यावर ठेवले. बार्तूलच्या नाकासमोर पाटी लोंबत होती.

“अगं तोन्का,” तो वाऱ्यात ओरडला, “हात लावू नये म्हणतायत इथं!”

“लाव मुकाट्यानं! नाहीतर तो नवाकोरा गुडघा माशांना जाईल!”

आणि बार्तूल हसला. खरंच सांगतो, तशा वाऱ्यात हसला. मग निघाली ओळ. पुढे बार्तूल, त्याच्या कमरेला नेव्हेन, मागे बाकीची अकरा, आणि सगळ्यांत शेवटी तोन्का. दरीच्या तोंडाशी बूरेनं सगळा जोर लावला. माझ्या अंगात काहीतरी कडकडलं. शिमूनच्या हातचा पीळ! साठ वर्षांचा पीळ तुटत होता, तंतू तंतू. मला वाटलं, संपलं. पण मग मनात आलं, अरे हट्! आज नाही. तू हवी तेवढी ओरड, बये, मी सुटणार नाही. उरलेल्या दोन पिळांवर मी दात-ओठ खाऊन ताणून राहिलो. ते दोन तोन्काच्या हातचे होते आणि त्यांत ढिलाई नव्हती.

चौदाच्या चौदा माणसं चॅपेलच्या आडोशाला पोचली. बार्तूल भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला. नेव्हेननं तोन्काचा हात धरला.

“पेटीचे स्क्रू खिडकीत ठेवलेत,” ती म्हणाली. “चार आहेत. मोजून घे.”

दोन दिवसांनी, बूरा ओसरून आभाळ काचेसारखं लख्ख झालं, डोकी हलकी झाली, तेव्हा पंच पुन्हा बसले आणि पुन्हा हात वर झाले. या वेळी नेव्हेनचा सगळ्यात आधी. तरी त्यानं विचारलंच, “मावशी, त्याला आता आराम देऊ या का? नवा नायलॉनचा आणतो.”

“नायलॉननं हात भाजतात,” तोन्का म्हणाली. “तू मला भांगेचे तंतू आणून दे.”

त्यानं आणले. आणि चाकही त्यानंच फिरवलं, तळहाताला फोड येईपर्यंत. तोन्का उलट्या पावलांनी चालत होती आणि ओरडत होती, “फिरव! ढिला पीळ म्हणजे माणूस समुद्रात!” बापाचा तुटलेला पीळ तिनं माझ्यातून सोडवला तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. तो तुकडा मग तिनं आपणहून त्या काचेच्या पेटीत नेऊन ठेवला. त्याला आराम शोभतो. मला नाही शोभत.

पाटी मात्र माझ्या गळ्यात तशीच आहे. नेव्हेन काढायला आला होता, बार्तूलनं काढू दिली नाही. जाणारा-येणारा मला धरताना तिलाही धरतो, त्यामुळे अक्षरं पुसट होत चाललीत. अजून दोन शरद, की पितळ कोरं होईल. यंदाचा यूगो कालपासून सुटलाय, डोंगरामागे काय शिजतंय ते मला ठाऊक आहे. येऊ दे तिला. तुम्ही कधी आमच्या धक्क्यावर उतरलात तर ती पाटी जरूर वाचा, आणि मग दोन्ही हातांनी मला घट्ट धरा.